अवतरणातला दहा आणि मामूची बरकत

लोकांना वाटतं, मी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते म्हणजे माझं डोकं फार शांत असणार. काही शांत नसतं. ज्याच्यासमोर रोज बसावं लागतं त्याच्यावरच माणूस जास्त चिडतो; आता घरात नवरा आहे, त्यामुळं मला हे चांगलंच माहीत आहे. पण गुलाबी बोंडअळीच्या वर्षी त्या यंत्रानं मला जसं गरागरा फिरवलं, तसं नवऱ्यानंही कधी फिरवलेलं नाही. आणि चूक कोणाची होती हे मला अजून सांगता येत नाही. यंत्राची म्हणावी तर त्यानं नियमाप्रमाणंच केलं. मामूची म्हणावी तर माझी जीभ रेटत नाही.

तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. मेहकरात स्टँडजवळ एका सायकलच्या दुकानावर एक खोली होती, तिथं मी नोकरीला होते. कपाशीच्या तक्रारी गोळा करायचं कंत्राट एका खाजगी कंपनीनं घेतलं होतं, त्यांची ती खोली. उन्हाळ्यात तापायची आणि हिवाळ्यात खालच्या ट्यूबांचा वास यायचा. बीटी बियाणं आलं तेव्हा गावोगाव एकच बोलणं होतं, की आता अळीची कटकट मिटली. काही वर्षं मिटलीही. मग ही गुलाबी बया आली. बोंड वरून असं हिरवंगार, टणक, की हातात घेतल्यावर जीव सुखावावा. फोडलं की आत काळा चिखल आणि मधोमध ती, गुलाबी, आरामात पसरलेली. शिवारंच्या शिवारं गेली.

कंपनीची पद्धत अशी होती. पाहणीवाला शेतात जायचा आणि मधलं एखादं झाड निवडून त्याला लाल दोरा बांधायचा. त्या झाडावरची चांगली बोंडं शेतकऱ्यानं स्वतः, मोठ्यानं मोजायची. शेवटी त्याच्या तोंडून जे येईल ते पाहणीवाल्यानं मोबाइलवर भरायचं, शेतकऱ्याच्याच शब्दात. हे प्रशिक्षणात अगदी बजावून सांगितलं होतं. मागाहून कोणी म्हणायला नको, की आम्ही कमी सांगितलं आणि तुम्ही जास्त लिहिलं. ऑफिसात बसलेल्या कोणालाही तो शब्द बदलायची मुभा नव्हती. दहापेक्षा कमी बोंडं निघाली तर त्या शेतावर नुकसान ठरवायला तज्ज्ञांची समिती येणार. आणि समिती येईपर्यंत पऱ्हाटी उपटायची नाही. पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडं कपाशीचं झाड. ते उपटलं की पुरावाच गेला.

माझं काम यादी काढायचं. डेटाबेस म्हणजे रकान्यांचं एक मोठं कपाट समजा. एका रकान्यात गाव, एकात शेतकऱ्याचं नाव, एकात बोंडं. त्या कपाटाला त्याच्या ठरावीक भाषेत प्रश्न लिहून विचारायचा, की ज्यांची बोंडं '१०' पेक्षा कमी आहेत त्यांची नावं दे. दहाच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं. प्रश्नाचा साचा वरून आला होता, त्यात ती तशीच होती, आणि वरून आलेल्या गोष्टीत मी कशाला नाक खुपसू? माझ्या कॉम्प्युटरवर सरावासाठी एक छोटं कपाट होतं. त्यात दोन-चार खोटी नावं भरली आणि प्रश्न चालवून पाहिला. तीन बोंडंवाला आला, आठवाला आला, बारावाला आला नाही. झकास! तोच प्रश्न, जसाच्या तसा, मी बुलडाण्याच्या मोठ्या यंत्राकडं, खरं कपाट होतं तिकडं, पाठवून दिला.

आता मामूचं सांगते. तो अम्मीचा मोठा भाऊ, जानेफळला शेती करतो. घरात आम्ही आमची हिंदी-उर्दू बोलतो, पण मामूनं शेतात पाय ठेवला की वऱ्हाडी सुरू. म्हणतो, पऱ्हाटीले उर्दू समजत नाई. त्याचं शेत गावात शिरताना रस्त्याला पहिलंच लागतं. आदल्या वर्षी त्यानं एका नव्या बियाण्याची पाकिटं आणली होती आणि असा कापूस फुटला होता की येणारे-जाणारे गाडी थांबवून बघायचे. मग काय विचारता! सगळ्या गल्लीनं तेच बियाणं नेलं. मामूनं आग्रह कोणाला केला नव्हता, पण ज्यानं विचारलं त्याला छाती पुढं काढून सांगितलं, "डोये झाकून लाव." आणि अळी पहिली आली ती त्याच बियाण्यावर.

गल्ली तोंडावर काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मामू भांडून मोकळा झाला असता. शेजारच्या शेतवाल्याचा आणि मामूचा सकाळचा चहा कित्येक वर्षं एकत्र व्हायचा. तो आता बांधावरून मान खाली घालून जायला लागला. मामू कट्ट्यावर येऊन बसला की चाललेला विषय बदलायचा. एका दुकानात कोणीतरी म्हणालं, यानं बियाणंवाल्याशी साटंलोटं करून हे आपल्या गळ्यात मारलं. ते फिरत फिरत मामूच्या कानावर आलं. तेव्हापासून त्यानं मनात एकच धरलं होतं. समिती येऊ दे, रस्त्यावरच्या पहिल्या शेतापासून सुरू करू दे, आणि सगळ्या गल्लीसमोर सांगू दे की हे अळीचं काम आहे, मामूच्या जिभेचं नाही.

त्यासाठी तो पऱ्हाटी उभी ठेवून बसला होता. विहिरीला पाणी होतं. हरभऱ्याची पेर हातची निघून चालली होती. मामूची बायको, माझी मुमानी, रोज त्याचं डोकं खायची, "उपटा ते लाकडं अन् हरभरा टाका!" मामू ढिम्म.

त्याच्या पऱ्हाटीला नक्की किती बोंडं आहेत हे मात्र मला त्याच्या तोंडून कधीच कळलं नाही. फोनवर विचारलं तर म्हणाला, "भरपूर हाय." अम्मी शेजारी कान लावून बसली होती, हे त्याला माहीत. बियाण्याच्या दुकानात मी स्वतः सोबत होते, तिथं म्हणाला, "सारं लाकूड झालं." घरी पाहुणे आले तर, "यंदा जराक हलकं हाय." शेत तेच, झाडं तीच, आणि समोर कोण आहे ते बघून उत्तर! मी वैतागले. म्हटलं, "मामू, एकदा काय ते खरं सांगा ना." तर हसला आणि म्हणाला, "ज्याले जे झेपते ते सांगतो, बेटा."

बुलडाण्याहून यादी आली. लांबलचक होती, त्यामुळं आधी काही खटकलंच नाही. मग मी जानेफळवर आले आणि मामूचं नाव शोधलं. नाही. परत वरून खाली पाहिलं. नाही. शेजारचा नाही, त्याच्या पलीकडचा नाही. गल्लीच नाही! जानेफळची बाकी पाच-पंचवीस नावं होती, पण त्यातलं एकही गल्लीतलं नाही.

तेवढ्यात मामूचा फोन. "आलं ना नाव?"

"बघते."

"बघते म्हंजे? हाय का नाई?"

"मामू, बघते म्हटलं ना!" मी फोन ठेवला आणि मलाच कसंतरी झालं.

मी पाहणीवाल्याला फोन करून विचारलं, जानेफळच्या पहिल्या शेतात किती बोंडं होती? तो म्हणाला, एक. मग मी माझ्या सरावाच्या कपाटात मामूचं नाव घातलं, बोंडं एक, आणि प्रश्न चालवला. मामू हजर. तोच प्रश्न बुलडाण्याला विचारला, मामू गायब. मी उठून खाली गेले, टपरीवर चहा प्यायले, परत आले, पुन्हा विचारलं. इथं आहे, तिथं नाही. म्हटलं, हे काय भुताटकीचं काम आहे की काय? खरं सांगते, कोणी मुद्दाम आमच्यासारख्यांची नावं काढली असतील का, असंही मनात येऊन गेलं. पण गल्लीतले हिंदू शेजारीही तसेच गायब होते. तेव्हा तो विचार मी गिळून टाकला, आणि डोकं आणखीच गरगरायला लागलं, कारण निदान त्या विचाराला काही अर्थ तरी होता.

कंपनीच्या पुण्याच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे. तूच काहीतरी करून राह्यली असशील." आमची बोली काढून दाखवायची त्यांना फार हौस.

"हाव साहेब," मी म्हटलं, "करूनच राह्यली. तुम्ही नुसते बसून राह्यले." आणि मग घाबरून सॉरी म्हटलं.

शेवटी वैतागून मी कपाटं, गावं, नावं सगळं बाजूला सारलं आणि यंत्राला नुसते दोन आकडे विचारले. '८' हे '१०' पेक्षा कमी आहे का? दोन्ही अवतरणात. यंत्र म्हणालं, नाही. आं? अरे, पहिलीतलं पोरगं सांगेल! मग मी आठाची अवतरणं काढली आणि दहाची तशीच ठेवली. आता यंत्र म्हणालं, हो, कमी आहे. मी खुर्चीत मागं टेकले. दहाला मी हातसुद्धा लावला नव्हता आणि दहा बदलला होता.

मग वाचायला बसले. वाचलं, परत वाचलं, आणि थोडं थोडं उजेडात आलं. अवतरणं नसलेला दहा म्हणजे आकडा, त्यात वाद नाही. पण अवतरणातला दहा दिसला की यंत्र लगेच ठरवतच नाही, हा कोण आहे ते. आकडा असेल, अक्षरं असतील, तारीखही असेल. ते त्याला तसंच बेनाम उभं ठेवतं आणि शेजारी कोण आहे ते बघतं. शेजारी आकड्यांचा रकाना असला, तर म्हणतं, हाही आकडाच असणार. शेजारी अक्षरांचा रकाना असला, तर तो दहा राहतच नाही, एक आणि शून्य अशी दोन अक्षरं होतात. आणि शेजारीही त्याच्यासारखाच बेनाम उभा असला, तर दोघांनाही अक्षरं समजून मोकळं होतं. अक्षरांची तुलना शब्दकोशासारखी होते, पहिलं अक्षर आधी बघायचं. एकनंतर आठ येतो, म्हणून आठ हा दहापेक्षा मोठा! दोन मोठा, पाच मोठा, नऊ मोठा. लहान कोण? तर शून्य, आणि पुढं काहीच नसलेला एकटा एक, बस्स.

मी यादी परत काढली. खरंच की! तिच्यात होते ते सगळे शून्यवाले आणि एकवाले. दोनपासून नऊपर्यंतचे, म्हणजे बहुतेक सगळी गल्ली, साफ. म्हणजे बुलडाण्याच्या कपाटात बोंडांचा रकाना अक्षरांचा होता आणि माझ्याकडं आकड्यांचा. पण कंपनीनं तर तो आकड्यांचाच करून दिला होता. मग तिथं तो अक्षरांचा कोणी केला, आणि काऊन? का म्हणून? आणि मामूचं तर एक बोंड. एक तर आकडा म्हणूनही दहापेक्षा लहान आणि अक्षर म्हणूनही लहान. मग तो का नाही? एक गाठ सुटली की दुसरी दिसायची. त्या दिवशी दुपारचा डबा मी तसाच घरी परत नेला.

दुसऱ्या दिवशी मी बुलडाण्याच्या यंत्राला विचारलं, त्या रकान्यात आकडा नसलेलं काही आहे का? उत्तरात एकच ओळ आली. गाव जानेफळ. शेतकरी, माझा मामू. चांगली बोंडं: बरकत.

मला फिस्सकन हसू आलं, आणि लगेच मी ती ओळ पुन्हा वाचली.

आमच्याकडं खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. एक म्हटलं की एकावरच राहतं, असं मानतात. हिंदू शेजारी मोजतात, लाभ, दोन, तीन. आम्ही मोजतो, बरकत, दोन, तीन. मामूला तर त्याची इतकी सवय, की शेतातलं काहीही तो तसंच मोजायचा. पोती, आंबे, कडब्याच्या पेंढ्या, सगळं. पाहणीवाल्यासमोर त्यानं लाल दोऱ्याच्या झाडावरचं पहिलं चांगलं बोंड धरलं, म्हणाला "बरकत", आणि पुढं मोजायला दुसरं बोंडच नव्हतं. पाहणीवाल्यानं त्याच्याच शब्दात भरलं. मोबाइल तो शब्द घेईना. त्यानं बुलडाण्याला फोन केला. तिथं कोणीतरी, बिचाऱ्यानं चांगल्या मनानंच, शेतकऱ्याचा शब्द मावावा म्हणून तो आख्खा रकानाच अक्षरांसाठी उघडून दिला. आणि त्या रकान्याशेजारी उभा असलेला आमचा अवतरणातला दहा निमूटपणे अक्षरं होऊन बसला. मामूची बरकत एका ओळीत आणि तालुक्यातले दोन ते नऊवाले पाण्यात. 'बरकत' हा शब्द तर अक्षरांच्या हिशेबातही दहाच्या फार पुढं, त्यामुळं मामू स्वतःही बाहेर.

मी प्रश्नात स्पष्ट लिहिलं, की बोंडांचा रकाना आकडा समजूनच वाच. यंत्र वाचत गेलं, बरकतीपाशी अडखळलं आणि बंद पडलं. हा आकडा होत नाही, म्हणे. आणि एकाचंही नाव देईना. आधी निदान शून्य आणि एकवाले तरी मिळत होते!

साहेब म्हणाले, "सोपं आहे. ती एक ओळ वगळ."

वगळून पाहिली. सगळे आले. गल्लीच्या गल्ली आली, शेजारचा आला. एक मामू सोडून. म्हणजे समिती रस्त्यानं येणार, पहिलं शेत ओलांडणार आणि दुसऱ्यापासून सुरू करणार. गल्ली काय म्हणाली असती? पाहा, स्वतःचं शेत दाखवायची त्याची हिंमत झाली नाही. मी साहेबांना विचारलं, "बरकत म्हणजे एकच असतो. मी एक लिहू का?" ते म्हणाले, नियमात बसत नाही, शेतकऱ्यानं पाहणीवाल्यासमोर परत मोजलं पाहिजे, आणि शनिवारी यादी बंद. मी हळूच टाकलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. पण उद्या कोणी काढलं असतं, की भाचीनं मामूला यादीत घुसवलं, तर त्याची उरलीसुरली पतही गेली असती. म्हणून पाहणीवाल्याला घेऊन मी एसटीत बसले.

तो वाटभर कुरकुरत होता. "म्याडम, शेतकऱ्याच्याच शब्दात लिहा म्हणे, म्या लिहिलं."

"लय चांगलं केलं!" मी खेकसले. त्याचं काही चुकलं नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग येत होता.

मामू बांधावर उभा होता. मला बघून हसला. "आली का वं तहसीलदारीण!"

"मामू, दोरा बांधलेल्या झाडावर एक बोंड आहे ना अजून?"

"हाय."

"मग यांच्यासमोर एक म्हणा. हे लिहून घेतात. झालं."

"म्या सांगतलं ना याले. बरकत."

"यंत्राले बरकत कळत नाही हो."

"मंग त्याले शेतात काऊन पाठवता?"

पाहणीवाला खी खी करून हसला. मी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं तोंड मिटलं. मग मी बांधावर बसून मामूला सगळं समजावून सांगितलं. रकाना, अवतरणातला दहा, शेजारी बघून ठरणं, दोन ते नऊवाल्यांचं गायब होणं. माझंच मला नीट समजलं नव्हतं, त्याला काय समजणार! पण तो फार लक्ष देऊन ऐकत होता. त्याचं हसू हळूहळू गेलं.

"म्हंजे," तो म्हणाला, "माह्या एका शब्दापायी सारी गल्ली बुडाली?"

"नाही, नाही! गल्ली येते आता. तुम्हीच तेवढे राहता."

"पन बुडाली होती ना?"

मी बांधावरचं ढेकूळ बोटानं फोडत राहिले.

"पुन्हा माह्याच शब्दानं," तो म्हणाला.

अगं बाई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! मी यंत्राचं सांगत होते आणि तो बियाण्याचं ऐकत होता. आता तोंडातून गेलेलं बोलणं परत कसं घ्यायचं? मी गडबडीनं म्हटलं, मामू, शब्दाचा काही दोष नाही, रकान्याचा आहे, दहाचा आहे. मला जे सुचेल ते मी बडबडले. तो हातानं थांबवत म्हणाला, "मले काढून टाक यादीतून."

"मग समिती तुमचं शेत सोडून पुढं जाईल."

त्यानं मान वळवली. पलीकडच्या बांधावर शेजारी उभा होता, विळा हातात, कापत काहीच नव्हता. मुमानी गवताचा भारा खाली टाकून जवळ आली आणि करवादली, "म्हना ना एकदाचं! एका शब्दानं काय जीव जाते का?"

मामू झाडापाशी गेला. लाल दोरा उन्हानं फिकट झाला होता. त्यानं बोंडाखाली हात धरला. बोंड अर्धवट उकललं होतं, आत बोटभर पांढरा कापूस. मला वाटलं, आता म्हणतो बरकत आणि जातो निघून. आणि खरं सांगू, त्यानं तसं करावं असंही मला वाटत होतं. त्यानं एक म्हणावं म्हणून मी मेहकराहून आले होते, आणि म्हणू नये म्हणून मनात दुआ करत होते. मला नक्की काय पाहिजे होतं, अल्ला जाणे.

"एक," मामू म्हणाला.

"काका, जराक मोठ्यानं," पाहणीवाला अवघडून म्हणाला. "नियम हाय."

"एक!" मामू ओरडला. शेजाऱ्याच्या बांधापर्यंत ऐकू गेलं असणार. मग बोंड तसंच सोडून तो विहिरीकडं निघून गेला. मोबाइलनं तो एक विनातक्रार घेतला.

पुढचं सगळं मामूला पाहिजे होतं तसं झालं. समिती आली ती पहिल्या शेतापासूनच. त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईंनी सगळ्या गल्लीसमोर बोंडं फोडून दाखवली आणि सांगितलं, की ही अळी आता बीटी बियाण्याला दाद देत नाही, कोणी कोणतंही पाकीट आणलं असतं तरी हेच झालं असतं. गल्लीनं माना हलवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी चहाला आला आणि काही झालंच नाही अशा थाटात त्यानं साखर कमी असल्याची तक्रार केली. मामूनं पऱ्हाटी उपटली आणि उशिरा का होईना, हरभरा टाकला. अम्मीनं फोनवर माझं कौतुक केलं. माझ्या डोक्यात मात्र त्या दिवसांत रात्रंदिवस एकच घोळत होतं, की त्या झाडावर खरं काय होतं, एक की बरकत? यंत्राला विचारलं तर ते म्हणणार, शेजारी कोण आहे ते सांगा.

होळीच्या सुमारास हरभरा निघाला. ढीग बारीक होता, पण दाणा टपोरा होता. अम्मी आणि मी मुद्दाम गेलो होतो. विकायचं काट्यावर जातं, पण घरी ठेवायचं धान्य मामू अजून पायलीनंच मोजतो. पहिल्या पायलीला सगळे गप्प बसतात, तशी लहानपणापासूनची रीत. मुमानीनं पोत्याचं तोंड उघडून धरलं. अम्मीनं डोक्यावर पदर घेतला. मामूनं ढिगात पायली खुपसली, भरली, वरून हात फिरवला आणि पोत्यात ओतली.

"एक."

अम्मीनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, चुकून आलं असेल तोंडातून.

"मामू," मी म्हटलं, "बरकत म्हणा ना."

त्यानं वर पाहिलं. टोमणा मारायचा असला की त्याचे डोळे आधी हसतात, मी लहानपणापासून बघत आले आहे. डोळे हसले नाहीत.

"राहू दे, बेटा," तो म्हणाला. "कोन कुठून लिहून घेऊन राह्यलं, काय मालूम. पुन्हा कोनाची गल्ली बुडाले नोको."

मला काहीतरी म्हणायचं होतं, इथं कोणी लिहून घेत नाही, मामू, इथं आपणच आहोत. पण त्यानं तोवर पायली ढिगात खुपसली होती. भरली, हात फिरवला, ओतली.

"दोन."